मॅडमचं ‘नो, थँक यू’

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला हसत हसत खोलीबाहेर काढलं. मी पाण्याचा जग घेऊन आत गेले होते. तो टेबलावर ठेवला, पडदा सारला आणि वळून बघते तर त्या खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघतायत. म्हणाल्या, “तुम अंदर आया. पूछा नहीं.”

मला वाटलं, पाणी हवं का ते विचारायचं राहिलं. म्हणून विचारलं, “पानी चाहिए?”

“नो, माय डिअर. पहले बाहर जाओ.” आणि हात दाराकडे.

मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात उभी राहिले. पुढे काय करायचं ते कळेना. आतून आवाज नाही. थोड्या वेळानं दार ढकलून नुसतं डोकं आत घातलं, तर पुन्हा हात दाराकडेच. शेवटी त्याच उठून आल्या आणि त्यांनी मला शिकवलं. दारावर बोटानं टकटक करायची, थांबायचं, “मे आय कम इन?” म्हणायचं. त्या “यस, प्लीज” म्हणाल्या की मगच पाय आत टाकायचा. मी तसं सगळं केलं. जग तर आधीच टेबलावर होता, त्यामुळे एवढी परवानगी काढून मी रिकाम्या हातांनी आत येऊन उभी राहिले. “व्हेरी गुड!” त्या म्हणाल्या. कशाबद्दल, ते मला कळलं नाही.

आमच्या गावात कुणाच्या घरात शिरताना कुणी विचारत नाही. पायरीवरूनच “काय गं, हाईस का?” अशी हाक घालायची आणि बोलत बोलत थेट चुलीपाशी जायचं. माझं माहेर आणि सासर दोन्ही कर्जत तालुक्यातली, भातशेतीची. नवरा मोहोपाड्याला कंपनीत शिफ्टवर. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात बहुतेक मी नि सासूबाई दोघीच उरलो, तेव्हा मी कर्जतला म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करायचा कोर्स केला आणि कुंभिवलीच्या आत हायवेपासून थोड्या अंतरावर असलेल्या या ठिकाणी कामाला लागले. वृद्धाश्रम म्हटलेलं तिथं चालत नाही. ‘होम’ म्हणायचं. मुंबईची शिकलेली, मोठ्या घरची म्हातारी माणसं तिथं राहतात. सकाळी होमची गाडी चौकच्या फाट्यावर येते आणि आम्हा बायकांना घेऊन जाते.

बाकी सगळ्यांना आम्ही आजी, आजोबा म्हणायचो. “चला आजी, आंघोळ,” म्हटलं की काम होई. मॅडमना माझ्या आधीच्या बाईनं “आजी” म्हटलं, तर त्यांनी विचारलं म्हणे, “किसका आजी?” तेव्हापासून त्या मॅडम. मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसात त्या साहेबांच्या सेक्रेटरी होत्या. घरातही आयुष्यभर इंग्रजीच. हिंदी होती, पण भाजी घेण्यापुरती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा परदेशात. विसरायचा आजार नुकता सुरू झालाय, असं मला सिस्टरनी सांगितलं होतं. सिस्टर म्हणजे आमच्या मजल्याच्या प्रमुख, सोलापूरकडच्या, बोलायला खणखणीत. त्या मला म्हणाल्या, “मॅडमना इंग्रजी रीतभात लागते. जरा जरा शिकून घे. त्यांनाही बरं वाटंल आन् तुलाबी येईल.”

मग मी शिकायला लागले. शाळेत मला इंग्रजी होतं, दहावीपर्यंत. पण त्या पुस्तकात गाय आणि पोस्टमन होते. हे वेगळंच होतं.

पहिला घोळ झाला तो ‘प्लीज’चा. सिस्टरना विचारलं, प्लीज म्हणजे काय हो? त्या म्हणाल्या, “कृपया.” आता कृपया हा शब्द मी पाट्यांवर वाचलेला, ‘कृपया थुंकू नये’ किंवा स्टेशनात भोंग्यावर ऐकलेला. माणसानं माणसाला कृपया म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आम्ही “पाणी दे की गं जरा” म्हणतो, त्यातल्या ‘की’मध्ये नि ‘जरा’मध्ये सगळं येतं. पण इंग्रजीत तो एक शब्द सुटा घ्यायचा आणि वाक्याला लावायचा. मी सगळीकडे लावायला लागले. “प्लीज बाथरूम.” “प्लीज गोळी.” मॅडम डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “यू मीन, विल यू टेक युवर टॅब्लेट, प्लीज.” मला एवढं लांब जमायचं नाही. गोळी हातात, पाणी हातात, आणि त्या थांबलेल्या. मी वाक्य पुरं करीपर्यंत गोळी घ्यायच्या नाहीत.

मग ‘सॉरी’ आणि ‘एक्स्क्यूज मी’. एक्स्क्यूज मी चूक करायच्या आधी आणि सॉरी केल्यावर, असं मी डोक्यात धरलं होतं. पण त्या शिंकल्यावर एक्स्क्यूज मी म्हणायच्या. माझा धक्का त्यांना लागला तर त्याच मला सॉरी म्हणायच्या. एकदा मी सांगितलं की माझी जाऊ फार आजारी आहे, तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “आय अ‍ॅम सो सॉरी.” मी विचारात पडले. हिनं काय केलं माझ्या जावेला?

एकदा मी काहीतरी हळू बोलले. त्या कान पुढे करून म्हणाल्या, “आय बेग युवर पार्डन?” मी ‘बॅग’ एवढंच ऐकलं. कपाट उघडलं, त्यांची काळी हातातली बॅग काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले, कारण त्या हसत होत्या. नंतर जेवताना सिस्टरनी सांगितलं तेव्हा मला कळलं की मी कशाला हसले होते.

सगळ्यात अवघड ते खिडकीचं. “वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?” असं त्या रोज सकाळी म्हणायच्या. खिडकी उघड, एवढं मला कळायचं, म्हणून मी आनंदानं “यस मॅडम!” म्हणायचे आणि उघडायचे. एक दिवस त्यांनी मला बसवलं. ‘यस’ म्हणायचं नाही म्हणे. ‘यस’ म्हटलं तर त्याचा अर्थ होतो की तुला उघडायची नाही. ‘नो’ म्हणायचं आणि उघडायची. मी म्हटलं, “नो बोलने का और काम करने का?” त्या म्हणाल्या, “एक्झॅक्टली!” दिवसभर माझं डोकं भणभणत होतं. संध्याकाळी गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, “उद्या येतीस ना गं?” तर मी “नाय” म्हटलं. ती म्हणाली, “का गं? बरं नाय का?”

घरीसुद्धा हे शब्द माझ्याबरोबर यायला लागले. चुलीपाशी सासूबाईंच्या पायाला माझा पाय लागला. एरवी मी वाकून त्यांच्या पायाला हात लावून तो छातीला लावला असता. त्या दिवशी तोंडातून आलं, “सॉरी.”

सासूबाई म्हणाल्या, “काय केलंस?”

“पाय लागला ना तुमाला.”

“मंग पाया पड. सॉरी काय? मी काय रिक्षावाली हाय?”

तेवढ्यावर राहिलं असतं. पण त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि मी म्हटलं, “थँक यू.” त्या उठून बाहेर जाऊन बसल्या. रात्री जेवल्या नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना मी ऐकलं. “आता सून मला थ्यांक्यू बोलतं गं. मी तिला परकी झाले.”

मी जाऊन सांगायला लागले की आई, तसं नाही, ती चांगली रीत आहे, मोठ्या घरात बोलतात. त्या म्हणाल्या, “मोठ्या घरात चा पाजल्यावर परतफेड करत असतील. आमी नाय करत.”  मला स्वतःलाच कळत नव्हतं की मॅडम मला दिवसभर थँक यू म्हणतात ते जवळ घेऊन की लांब ठेवून. पाण्याच्या ग्लासाला थँक यू, चपला पुढे ठेवल्या तर थँक यू. ज्या गोष्टी आम्ही एकमेकांसाठी न बघता करतो त्या प्रत्येक गोष्टीची त्या पावती दिल्यासारखं करायच्या. पण ‘माय डिअर’ही म्हणायच्या. सिस्टरनी सांगितलं, डिअर म्हणजे प्रिय. मग साहेबाला अर्ज लिहितानाही ‘डिअर सर’च लिहितात, हेही त्यांनीच सांगितलं.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं. मला बरंच यायला लागलं. “गुड मॉर्निंग मॅडम, डिड यू स्लीप वेल?” हे मी न अडखळता म्हणू लागले. आणि त्याच दिवसांत मॅडमचं जायला लागलं.

आधी हिंदी गेली. मग वस्तूंची नावं. चष्म्याला त्या ‘दॅट थिंग’ म्हणायच्या, चमच्यालाही ‘दॅट थिंग’. मग वाक्यं अर्ध्यावर तुटायला लागली. एखादी गोष्ट सांगायला लागायच्या, ऑफिसातली असावी, आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायच्या. पण एक राहिलं. “थँक यू सो मच.” “हाऊ काइंड ऑफ यू.” “नॉट अ‍ॅट ऑल.” “आय बेग युवर पार्डन.” ही वाक्यं अख्खीच्या अख्खी, तोऱ्यात, पूर्वीच्या आवाजात यायची. नवीन माणूस खोलीत आला की त्याला वाटावं, केवढी हुशार बाई आहे! आठवड्याला येणारे डॉक्टर म्हणाले की असं होतं. जी वाक्यं जन्मभर घोकल्यासारखी म्हटलेली असतात ती सगळ्यात शेवटी जातात. मी विचारलं, “पण डॉक्टर, त्यांना त्याचा अर्थ कळतो का?” ते म्हणाले, “कधी कळत असेल, कधी नसेल. आपल्याला सांगता येत नाही.”

माझी पंचाईत सुरू झाली ती जेवणावरून. मी वाटी घेऊन बसायची, चमचा पुढे करायची आणि मॅडम गोड हसून म्हणायच्या, “नो, थँक यू.” सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही आणि तरी “नो, थँक यू. आय अ‍ॅम क्वाइट फुल.” पहिले काही दिवस मी वाटी परत नेली. त्यांनीच तर मला शिकवलं होतं की नो, थँक यू म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, ते बरं दिसत नाही. आमच्याकडे पाहुण्यानं “नको” म्हटलं तर ते पहिलं नको. त्यावर वाढायचंच असतं. दुसऱ्या ‘नको’नंतर वाढणारी म्हणते, “अहो घ्या की, एवढीशी तर भाकरी.” तिसऱ्यांदा पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा कुठे ते खरं नको. मॅडम हात आडवा धरायच्या नाहीत. तोंड मिटायच्या नाहीत. डोळे चमच्याकडेच असायचे आणि तोंडातून मात्र नो, थँक यू.

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, “वजन उतरायलंय त्यांचं. भरव जरा आग्रह करून.” मी आग्रह केला. एक दिवस मॅडमनी अख्खी वाटी खिचडी खाल्ली, प्रत्येक घासाला नो थँक यू म्हणत. मला वाटलं, सापडलं! नो म्हणजे हो. खिडकीसारखंच. दुसऱ्या दिवशी तसाच चमचा पुढे केला, तसाच आग्रह केला, तर त्यांनी घास माझ्या हातावर थुंकला आणि म्हणाल्या, “आय बेग युवर पार्डन.” त्या दिवशीचं नो खरंच नो होतं. मग कुठलं नो कसलं, हे ओळखायचं कशावरून? मी त्यांच्या भुवया बघायची, ओठ बघायची, आवाज लहान की मोठा ते ऐकायची. कधी जमायचं, कधी नाही. महिनोन्‌महिने करूनही त्यात काही नियम मला सापडला नाही.

एकदा दुपारी त्या बाथरूमच्या दारात बसलेल्या सापडल्या. खाली फरशीवर, एका बाजूला कलून. मी धावले, सिस्टरना हाक मारली. मॅडम आमच्याकडे बघून म्हणाल्या, “प्लीज डोन्ट ट्रबल युवरसेल्फ.” आम्ही दोघींनी उचलून पलंगावर बसवलं. सिस्टरनी विचारलं, “मॅडम, हाऊ आर यू? पेन? एनी पेन?”

“व्हेरी वेल, थँक यू. अँड यू?”

सिस्टरनी गुडघे बघितले, कंबर बघितली, डोकं चाचपलं. कुठं खरचटलेलंही नव्हतं. मॅडम हसत होत्या. संध्याकाळी मी त्यांचा झगा बदलायला घेतला आणि उजवी बाही ओढली तशी त्या किंचाळल्या. गुरासारखा आवाज होता तो.  आणि पुढच्याच क्षणी त्या मलाच म्हणाल्या, “सॉरी. सो सॉरी.” मनगट बघता बघता सुजलं. खोपोलीला नेऊन फोटो काढला तर हाड मोडलेलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? “नॉट अ‍ॅट ऑल,” मॅडम म्हणाल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाडीतून परत येताना त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मला वाटत होतं, हिला ओरडायला कुणीच कसं शिकवलं नाही? आणि मग वाटलं, की हे माझं चुकतंय. कदाचित त्या ‘नॉट अ‍ॅट ऑल’मध्येच त्यांचं ओरडणं असेल आणि मला ऐकू येत नसेल.

हात मोडल्याचं कळवलं तसा मुलगा आला. पन्नाशीचा असावा, उंच, मॅडमसारखंच ताठ नाक. दारावर त्यानं टकटक केली आणि थांबला. मी आतच होते, खुर्चीपाशी. मॅडम म्हणाल्या, “यस, प्लीज.” तो आत आला, “हॅलो, ममी,” म्हणाला, वाकला आणि त्यांच्या गालाला गाल लावला.

मॅडम म्हणाल्या, “हाऊ काइंड ऑफ यू टू कम. हॅव यू कम फार?”

तो म्हणाला, हो, बराच लांबून आलो. मॅडम म्हणाल्या, प्रवास त्रासाचा नाही ना झाला? तो म्हणाला, अजिबात नाही. मला एवढं इंग्रजी तोपर्यंत कळत होतं. मॅडमनी मला चहा आणायला सांगितलं, म्हणजे हातानं खूण केली आणि प्लीज म्हणाल्या. चहा आला. दोघं समोरासमोर बसून प्यायले. मॅडम मध्येच हसायच्या, तो हसायचा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं छान चाललंय. निघताना त्या म्हणाल्या, “इट वॉज लव्हली टू मीट यू.”

तो बाहेर आला आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मुंबईत वाढलेला, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी यायचं त्याला. मला म्हणाला, “मावशी, तिने मला ओळखला ना?”

मी काय सांगणार? मला तर वाटत होतं, ओळखलं नाही. किती लांबून आलात, भेटून बरं वाटलं, हे तर पाव्हण्यारावळ्यांना म्हणायचं. पण त्याचं तोंड बघून मी म्हटलं, “सर, तुम्ही लहान होता, शाळेतून घरी यायचात, तेव्हा त्या काय बोलायच्या? घरातलं काहीतरी. ते आज बोलल्या का, ते आठवा.”

त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, “असाच बोलायची. आमच्या घरात आम्ही असाच बोलायचो. मी पाणी दिला तर थँक यू. मी तिच्या रूममध्ये जाताना नॉक करायचो. हाऊ वॉज युवर डे, डार्लिंग, असा विचारायची. मी म्हणायचो, व्हेरी नाइस, थँक यू.” मग म्हणाला, “वाईट नव्हता ते. चांगला घर होता.”

म्हणजे माझ्या हातात जी एक खूण होती तीही गेली. मी समजत होते की परक्याशी एक भाषा असते आणि घरच्याशी दुसरी. या घरात एकच होती. आता मॅडम मुलाला पाहुणा समजून बोलल्या की मुलगा समजून, हे त्यांच्या पोटच्या पोरालाही सांगता येत नव्हतं.

तो कर्जतला हॉटेलात उतरला होता आणि रोज यायचा. एका दुपारी म्हणाला, आज मी भरवतो. मी वाटी दिली. वरणभात होता. त्यानं चमचा पुढे केला, मॅडम म्हणाल्या, “नो, थँक यू.” त्यानं चमचा वाटीत ठेवला आणि वाटी टेबलावर. झालं!

मी म्हटलं, “सर, असं नाही. आग्रह करायचा.”

“पण ती नको म्हणते.”

“म्हणू दे. तुम्ही पुढे करा.”

त्याला ते अवघड जात होतं.  पुन्हा चमचा पुढे केला. “नो, थँक यू.” त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, “प्लीज, ममी. जस्ट वन.” मॅडमनी तोंड फिरवलं. त्यानं चमचा तिकडे नेला. आणि मॅडम एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, “ओह, डोन्ट फस!”

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. तो उभाच राहिला, हातातला चमचा तसाच. मग हसायला लागला आणि त्याचे डोळे भरले. “ऐकला? ऐकला तुम्ही? हे ती फक्त मला बोलायची. डॅडला पण नाही. मी जास्त जास्त करायचो ना, लहान असताना, तेव्हा बोलायची.” फस म्हणजे उगाच कटकट, असं त्यानं मला सांगितलं. तेवढ्यात मॅडमनी आपणहून तोंड उघडलं आणि घास घेतला.

मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. ओळखलं हो, मुलाला ओळखलं! सिस्टरनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग? लेकराला शिवी घातली आयनं, तवा कळलं ना आय हाय ती.” त्यांना ते लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. खिडकीबाहेर कठड्यावर कावळा येऊन बसला आणि ओरडायला लागला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच करड्या आवाजात म्हणाल्या, “ओह, डोन्ट फस!” थोड्या वेळानं तेच पंख्याला म्हणाल्या. दुपारी मला.

मुलगा आला तेव्हा मी काही बोलले नाही. पण त्याच्या समोरच त्या पुन्हा कावळ्याला तसं म्हणाल्या. तो उठून खिडकीपाशी गेला. नंतर म्हणाला, “मे बी तिला वाटत असेल तो मी आहे.” हसण्यावारी म्हणाला की खरंच म्हणाला, ते त्याच्या तोंडावरून मला कळलं नाही. चार दिवसांनी तो गेला. जाताना मॅडमना म्हणाला, “आय अ‍ॅम सॉरी, ममी.” त्या म्हणाल्या, “नॉट अ‍ॅट ऑल.”

थंडीत मॅडम गेल्या. सकाळची वेळ होती. मी कोमट पाण्यानं तोंड पुसलं, केस मागे घेतले, उशी नीट केली. पाणी फेकून परत आले तोवर संपलं होतं. त्रास झाला नसावा. झाला असला तरी त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

सिस्टरनी मुलाला फोन लावला. बोलणं झाल्यावर फोन माझ्यापुढे धरून हळूच म्हणाल्या, “तुझ्याशी बोलायचंय त्यांना. आय अ‍ॅम सॉरी म्हण.”

“मी? मी काय केलं?”

“अगं, तसं म्हणतात. कुणी गेल्यावर म्हणायचं असतं.”

मी फोन कानाला लावला. “सर, सॉरी.”

“थँक यू, मावशी,” तो म्हणाला.  “थँक यू फॉर एव्हरीथिंग.”

यावर काय म्हणतात ते मला येत होतं. यू आर वेलकम. नॉट अ‍ॅट ऑल. मॅडमनीच घोकून घेतलं होतं. पण त्यांच्या अंगावर चादर ओढलेली समोर दिसत असताना मला ते म्हणवेना. तो वाट बघत होता की फोन तुटला असं त्याला वाटलं, कोण जाणे. मग त्यानं विचारलं, “ती काही बोलली? शेवटी?”

“बोलल्या सर. तोंड पुसलं तेव्हा बोलल्या. हाऊ काइंड ऑफ यू.”

“कोणाला?”

मी खोलीत बघितलं. तेव्हा मी तिथं होते, हातात ओला टॉवेल घेऊन. समोरच्या भिंतीवर त्याचा आणि त्याच्या वडिलांचा फोटो होता. खिडकी उघडी होती. त्यांचे डोळे माझ्याकडे होते की माझ्या खांद्यावरून पलीकडे, हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

“माहीत नाही, सर,” मी म्हटलं.

 तो पुन्हा थँक यू म्हणाला. मी “हो” म्हटलं आणि फोन सिस्टरकडे दिला.

जेवणाची वेळ झाली होती. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांना भरवायची पाळी त्या दिवशी माझ्याकडे होती. मी हात धुऊन ताट घेऊन गेले. ते पलंगावर बसूनच होते. झाकण काढायच्या आतच त्यांनी विचारलं, “आज काय आणलंय गं?”

“मुगाची आमटी,” मी सांगितलं, आणि त्यांच्याजवळ बसले.